गोल कोपऱ्यांचं लेबल

सोमवार, ३ तारीख

चि. कात्री,

आशीर्वाद आहेतच, पण आज घाईत देतोय. रक्ताची पेटी नेणारी बस पावणेबाराला सुटते आणि आत्ता सव्वाअकरा झालेत. ड्रायव्हर भला माणूस आहे. म्हणाला, पेटी तुमच्या भाचीच्याच प्रयोगशाळेत जाते, तर चिठ्ठी खिशात घालून न्यायला मला काय जड आहे?

फोनवर आपलं सगळं बोलणं झालं असं तुला वाटत असेल. पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो, म्हणून लिहितो. तुझ्या मामीला दवाखान्यात ठेवून आज आठ दिवस झाले. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे पानांचे दुमडलेले जुडगे, शिवताना बोटाला दाभण टोचला, एवढंच निमित्त. चाळीस वर्षांत किती वेळा टोचला असेल. बोट तोंडात घालायचं आणि पुढचा टाका घ्यायचा, ही तिची रीत. ह्या वेळी बोट सुजलं, मग हात सुजला, मग थंडी वाजून ताप. डॉक्टर म्हणतात, जंतू रक्तात उतरलेत, रक्त जाईल तिथे ते जाऊ शकतात. मी विचारलं, रक्त कुठे जात नाही? म्हणाले, तीच तर भीती आहे. तरुण आहेत, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली आहे. खोटा धीर दिला नाही म्हणून मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

आज ते एक कागद घेऊन आले. रोज एक नळी जास्तीचं रक्त काढायचं, तुमच्याकडच्या अभ्यासासाठी. त्याचा उपचाराला उपयोग होणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मी सही केली नाही. तिच्या हाताला आता सुई घालायला जागा उरलेली नाही, सगळीकडे काळंनिळं झालंय. ती मात्र पडल्यापडल्या म्हणाली, "द्या की. माझं रक्त आटवायची तशीही ह्यांना सवय आहे."

तू सांग. सही करू का? आणि तुम्ही त्या रक्तात वाचता तरी काय? उगाच जड शब्द वापरू नकोस. मी शाळेत कमी आणि बाइंडिंगला आलेल्या पुस्तकांत जास्त शिकलो, हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
मामा


मंगळवार, ४ तारीख

मामा,

वाकून नमस्कार, पण दिवसभर यंत्रापुढे बसून पाठ धरलीय, तेव्हा अर्धाच धरा.

सही करा. मामीला त्याचा लगेच उपयोग नाही हे खरं आहे, खोटी आशा दाखवत नाही.

आम्ही काय वाचतो ते तुमच्याच भाषेत सांगते. शरीरातल्या प्रत्येक पेशीत एकच जाडजूड पुस्तक असतं, त्याला डीएनए म्हणतात. लिव्हरमध्ये तेच पुस्तक, हृदयात तेच, मूत्रपिंडातही तेच. पण लिव्हरला जी पानं लागत नाहीत ती त्याने चिकटवून टाकलेली असतात. हृदयाने वेगळी चिकटवलेली, मूत्रपिंडाने आणखी वेगळी. पेशी मेली की तिचं पुस्तक फाटतं आणि चिटोरे रक्तात येतात. कुठल्या चिटोऱ्यावर कुठे खळ लागलीय हे आमचं यंत्र बघतं आणि सांगतं, हा लिव्हरचा, हा हृदयाचा, हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. म्हणजे आत कोण किती फाटतंय, हे बाहेर बसून कळतं.

नेहमीच्या तपासण्यांपेक्षा हे लवकर कळतं का, हेच आम्ही शोधतोय. अजून सिद्ध व्हायचं आहे. म्हणून नियम कडक आहेत. नळ्यांवर नाव नसतं, नंबर असतो. तो नंबर मला कळवू नका. चुकूनसुद्धा नाही. मामीची नळी कुठली हे कळलं, तर मी तिच्याकडे इतर नळ्यांसारखी बघणार नाही. मग माझं वाचन कुचकामाचं.

मामीला म्हणावं, बोट तोंडात घालायची सवय आता तरी सोड.

तुमची,
कात्री


शुक्रवार, ७ तारीख

चि. कात्री,

सही केली. तीन नळ्या गेल्या, त्यातली एक वाया गेली.

ती कशी वाया गेली ते ऐक. नळीवरचं लेबल थंड पेटीत गळून पडलं. नंबर नाही म्हणून तुमच्याकडच्या कोणीतरी नळी फेकून दिली. नियम असेल, मी काही म्हणत नाही. पण ते रक्त काढायला सिस्टरला पाच ठिकाणी टोचावं लागलं होतं. मामी छताकडे बघत होती, आणि मी तिचा दुसरा हात धरून उभा होतो. चिकटपट्टीसारखी लेबलं, कोपरे आधीच उभे राहिलेले. माझ्या दुकानात असं काम कोणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

आता खरी गोष्ट. तिचे डोळे पिवळे झालेत. काल दुपारी खिडकीकडे तोंड वळवलं तेव्हा दिसले. डॉक्टर म्हणतात, दोन शक्यता आहेत. जंतूंनी लिव्हर धरलं असेल, किंवा जंतू मारायला जे भारी औषध देतोय तेच लिव्हरला बाधत असेल. पहिलं असेल तर औषध चालूच ठेवलं पाहिजे, दुसरं असेल तर लगेच थांबवलं पाहिजे. दुसरं औषध नाही का, म्हटलं. आहे, पण हलकं आहे, ते पुरेल याची खात्री नाही. नेहमीचे रिपोर्ट बघून ह्यातलं कुठलं ते कळत नाही म्हणतात.

ती झोपेत चादरीची कड चिमटीत धरते आणि टाके घालते. एक टाका, मग दोरा ओढायचा, मग दुसरा. मी मोजत बसतो. काल सोळा फर्म्यांचं पुस्तक शिवलं तिने.

मला इथे हाताला एक छोटंसं काम मिळालंय. सिस्टरने परवानगी दिली. ते मग सांगेन.

मामा


सोमवार, १० तारीख

मामा,

तुमची चिठ्ठी पोचली. इथे काम फार आहे, थोडक्यात लिहिते.

डॉक्टरांनी औषधाचं काय ठरवलं? लगेच थांबवणार आहेत का? त्यांना विचारा, दोन-तीन दिवस वाट बघता येईल का. मी सांगितलं म्हणू नका, तुम्हाला वाटतं म्हणून विचारा. डोळ्यांचा पिवळेपणा फार मनावर घेऊ नका. लिव्हर सावरायला लागलं तरी तो पुष्कळ दिवस राहतो, कधी वाढतोसुद्धा.

जेवता ना?

कात्री


मंगळवार, ११ तारीख

कात्री,

जेवतो का म्हणून विचारतेस. जेवतो. वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर डबा उघडतो आणि बंद करतो, त्याला जेवण म्हणतात तर जेवतो.

तुझ्या चिठ्ठीत काहीतरी आहे आणि काहीतरी नाही. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा माझी चांगली कात्री पुठ्ठा कापून बोथट केलीस आणि दोन दिवस माझ्याशी फार गोड बोललीस, तशी ही चिठ्ठी आहे. पण मला उलटतपासणी करायला वेळ नाही.

डॉक्टर उद्या संध्याकाळी औषध थांबवणार आहेत. आज त्यांना व्हरांड्यात गाठलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "आजोबा, थांबवलं तर जंतू परत डोकं वर काढतील अशी मला भीती आहे. आणि चालू ठेवलं आणि लिव्हर त्यानेच जात असेल, तर मीच तिला मारतोय. लिव्हर आज बुडतंय की सावरतंय एवढंच मला कोणी सांगितलं असतं, तर मी झोपलो असतो." मग त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते पळत गेले.

एवढंच कोणीतरी सांगायला हवंय, कात्री. आणि तुझ्यासमोर ते यंत्र आहे. तिचं रक्त रोज सकाळी तुझ्याकडे येतं. तुला शाळेत सोडायला आणायला ती जायची, तापात तुझं डोकं मांडीवर घेऊन तीच बसायची. आणि आज तिच्या रक्ताची नळी तुझ्या हातातून जाते, आणि तू मला नियम सांगतेस. तुझे नियम खरे आहेत, मला कळतं. पण मला कळून काय उपयोग? मी नंबर ह्या कागदावर लिहिला होता. मग खोडला. तू उजेडात धरलास तरी दिसणार नाही असा खोडलाय, तू सांगितलं होतंस म्हणून.

ती आज मला ओळखताना थोडी थांबली. मग म्हणाली, "दुकान उघडं टाकून आलात?" दुकान सोळा दिवस बंद आहे.

मामा


बुधवार, १२ तारीख, पहिली बस

मामा,

नंबरची गरज नव्हती. मला शनिवारपासून ठाऊक आहे.

शनिवारी पेटी उघडली. एकवीस नळ्या. वीस नळ्यांवर उभे राहिलेले कोपरे आणि एकीवर गोल कापलेल्या कोपऱ्यांचं लेबल, एक सुरकुती नाही, जणू काचेतच उगवलंय. माझ्या शाळेच्या प्रत्येक पुस्तकावर तसलंच लेबल होतं, मामा. वर्गात माझ्या एकटीचीच पुस्तकं तशी असायची. ती नळी हातात घेतली आणि उजेडाकडे फिरवून पुन्हा बघितली. हेच तुमचं छोटंसं काम, ना?

मी तेव्हाच इथल्या प्रमुख मॅडमना सांगायला हवं होतं, की ह्या रुग्णाला मी ओळखते, ही नळी दुसऱ्या कोणालातरी द्या. सांगितलं नाही. वाचत बसले.

आता जे वाचलं ते लिहिते. त्याच नंबरच्या गेल्या बुधवारच्या नळीत शंभर चिटोऱ्यांपैकी तीस लिव्हरचे होते. निरोगी माणसात जेमतेम एखादा असतो. शनिवारी सोळा. रविवारी दहा. सोमवारी सहा. मामा, ते उतरतंय. भारी औषध चालू असताना उतरतंय. म्हणजे औषध लिव्हरला मारत नाहीये, जंतूंनी धरलं होतं आणि आता सुटतंय.

सोबत डॉक्टरांसाठी वेगळी चिठ्ठी ठेवलीय, आकड्यांसकट. खाली माझं नाव आहे. ही सिद्ध झालेली तपासणी नाही हेही त्यात लिहिलंय. बाकी त्यांनी ठरवावं. मॅडमना कळलं तर माझी नोकरी जाईल. ते नंतर बघू.

बस येईपर्यंत मी दारातच उभी आहे.

कात्री


गुरुवार, १३ तारीख

माझी गुणाची कात्री,

काल चारला चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली, मग फाइल उघडून शेजारी ठेवून वाचली. "तीसवरून सहा," असं दोनदा म्हणाले. आणि औषध चालू ठेवलं. मला म्हणाले, "तुमच्या भाचीला सांगा, मी आज झोपणार आहे." मीसुद्धा झोपलो, बाकावर, बसल्याबसल्या. सिस्टरने उठवलं तेव्हा माझी टोपी शेजारच्या पेशंटच्या नातवाच्या डोक्यावर होती.

मामीला सांगितलं, तुझं लिव्हर सुधारतंय, कात्रीने वाचलंय. तिने डोळे उघडले. किती पिवळे आहेत ते तुला सांगत नाही, तू म्हणालीस ना की पिवळेपणा पुष्कळ दिवस राहतो. म्हणाली, "तिला म्हणावं, आधी चष्मा पूस."

लेबलावरून तू ओळखलंस, हे वाचून मला आधी धडकी भरली आणि मग हसू आलं. मी नंबर खोडत बसलो आणि हातांनी आधीच चुगली केली होती. पण त्या उभ्या कोपऱ्यांच्या लेबलांच्या भरवशावर नळी सोडवेना गं. एक नळी फुकट गेली ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. तुला सांगतो काय करतो ते, तुमच्याकडे सगळ्यांना शिकवता येईल. सिस्टर रक्त काढून नळी माझ्याकडे देते. काच ओलसर असते, तिच्यावर काही धरत नाही. म्हणून ती पेल्यातल्या गरम पाण्यात पाच-सात मिनिटं उभी ठेवतो, चांगली ऊब धरेपर्यंत. मग कोरडी पुसायची. लेबलाचे कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उठतो. पातळ खळीचा एकच हात. आणि मग हाडाच्या पट्टीने घासायचं, आडवं, उभं, परत आडवं, नळी गुडघ्यांत धरून, चांगला जोर लावून. चारशे घासे देतो. त्याने आतली हवा सगळी निघून जाते. त्यानंतर ते लेबल पेटीत काय, नदीत टाकलं तरी निघणार नाही.

शुक्रवारपासून एकही नळी वाया गेली नाही. रोज एकेक पाठवतो.

तुझा,
मामा


शुक्रवार, १४ तारीख, पहिली बस

मामा,

हे वाचलं की आधी डॉक्टरांकडे जा. बाकीचं नंतर वाचा. त्यांना सांगा, माझी चिठ्ठी चुकीची आहे. आकडे चुकीचे आहेत. दवाखान्यात रात्रीपासून फोन करतेय, कोणी उचलत नाही. त्यांवर भरवसा ठेवू नका.

गरम पाण्याने आणि घासण्याने नळीतल्या रक्ताच्या पांढऱ्या पेशी फुटतात. त्यांचे चिटोरे त्याच रक्तात पसरतात. मग शंभरात लिव्हरचे कमी दिसतात, कारण बाकीचे भरमसाट वाढलेले असतात. लिव्हरचे कमी झालेलेच नाहीत.

रात्री परत आकडे मांडले. पहिल्या नळीत एकूण शंभर चिटोरे धरा, त्यात लिव्हरचे तीस. सोमवारच्या नळीत तेवढ्याच रक्तात एकूण नऊशे, त्यात लिव्हरचे चोपन्न. तीसचे चोपन्न झालेत. मी शंभरातला वाटा बघितला, एकूण किती ते बघितलंच नाही. म्हणजे बघितलं होतं. नऊशे दिसले होते. जंतुसंसर्गात पांढऱ्या पेशी वाढतात, तेच असेल, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कोणाची नळी असती तर मी ती खराब म्हणून बाजूला ठेवली असती. एकवीस नळ्यांत एवढ्या एकाच नळीला मी प्रश्न विचारला नाही.

आज नवीन रक्त काढा. सिस्टरने स्वतः नळी हलकेच पेटीत ठेवायची. तुम्ही हात लावू नका. लेबल पडलं तर पडू दे, सुताने नंबर बांधा.

मी आत्ता मॅडमना सांगायला चाललेय.

कात्री


शुक्रवार, १४ तारीख, दुपारची बस

कात्री,

डॉक्टरांना सांगितलं. भारी औषध तिथल्या तिथे थांबवलं, हलकं सुरू केलं. नवी नळी ह्याच बसने येतेय. मी हात लावलेला नाही, खोलीच्या बाहेर उभा होतो.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. डॉक्टरांनी तुझ्या चिठ्ठीमुळे औषध चालू ठेवलं असं काही नाही. त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली होती, ते त्यांच्या मनानेच चालू ठेवणार होते. मी काल आनंदाच्या भरात वाढवून लिहिलं. तू त्याचा विचार करू नकोस.

मामा


सोमवार, १७ तारीख

मामा,

शुक्रवारची नळी मॅडमनी स्वतः वाचली. त्यांनी आकडा मला सांगितला, तेवढी माणुसकी दाखवली. शंभरात अडतीस, आणि ह्या वेळी शंभर म्हणजे खरे शंभर नाहीत, एकूण पहिल्या नळीच्या दुप्पट आहेत, म्हणजे लिव्हरचे शहात्तर. डॉक्टरांना त्यांनी फोन केला आहे. शनिवारची आणि रविवारचीही तेच वाचतील. मला यंत्राच्या खोलीत जायची परवानगी नाही. महिनाअखेर मी इथे नसेन.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मला शनिवारी सांगितलं असतंस, तर त्या नळ्या मी वाचल्या असत्या, आणि एकूण आकडा बघून मी त्याच दिवशी दवाखान्यात फोन केला असता."

तुम्ही खोटं लिहिलंत. डॉक्टरांनी मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. बुधवारी संध्याकाळी औषध थांबणार होतं आणि माझ्या चिठ्ठीमुळे शुक्रवारपर्यंत चालू राहिलं. चूक सगळी माझी आहे, तुम्ही तर मायेने केलंत. मला एकच खरं सांगा. ते दोन दिवस. त्या दोन दिवसांनी फरक पडला का? मामी कशी आहे? मी यायचं म्हणते, पण कुठल्या तोंडाने येऊ ते कळत नाही.

कात्री


शनिवार, २२ तारीख

चि. कात्री,

परवा घाटावरून परत येताना तुला फोन केलाच होता. तू रडलीस तेवढं मला ऐकू आलं, बाकीचं नाही. आता नीट लिहितो. दोन कागद लिहून फाडले, कारण दोन्हींवर मी परत तुला बरं वाटेल असं लिहायला लागलो होतो.

औषध थांबवल्यावर शनिवारी, रविवारी तिचे आकडे खरंच उतरले. तुझ्या मॅडमनी कळवलं, डॉक्टरांनी मला दाखवलं. सोमवारी तिने पाणी मागितलं. मंगळवारी परत ताप चढला, हलक्या औषधाला जंतू दाद देईनात. भारी औषध परत द्यायचं तर लिव्हरमध्ये तेवढा जीव उरला नव्हता. बुधवारी ती कोणाला ओळखत नव्हती. गुरुवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी गेली. मी जवळ होतो. चादरीवरचा हात थांबला, त्यावरून कळलं. यंत्राला नंतर कळलं.

तू विचारलंस ते मी डॉक्टरांना विचारलं, तुझ्याच शब्दांत. म्हटलं, ते दोन दिवस नसते तर? त्यांनी फाइल मिटली. म्हणाले, "कदाचित लिव्हर तेवढं खचलं नसतं, आणि मंगळवारी भारी औषध परत देता आलं असतं. कदाचित जंतूंनी तिला आधीच गाठलं असतं. मला सांगता येत नाही, आजोबा, आणि कोणालाच येणार नाही." ते एवढंच म्हणाले. तुझ्यासाठी त्यात मी काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही.

तुझ्या मॅडमचा कागद आला होता, उरलेल्या रक्ताचं काय करायचं विचारायला. खराब झालेल्या नळ्या त्या टाकून देणार होत्या. मी लिहिलं, टाकू नका. नवीन माणूस कामाला लागला की त्याला ह्या दाखवा, असं केलं की असं दिसतं म्हणून. खाली सही केली, वाचता येईल अशी.

आता तुझं. तू म्हणतेस चूक सगळी तुझी, मी मायेने केलं. आणि तू काय वैराने केलंस? ते चारशे घासे माझे आहेत, कात्री. रोज मोजून दिलेत मी. नळी गुडघ्यांत धरून घासताना मला वाटायचं, तिच्यासाठी काहीतरी होतंय माझ्याकडून, आणि त्या सगळ्या दिवसांत तेवढाच वेळ माझा बरा जायचा. तो वेळ तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस, आणि त्याने जे झालं तेही नको. बेचाळीस वर्षं तिचं आणि माझं असं वेगळं काही नव्हतं. आता तिच्या जाण्यातला माझा वाटा तू तिकडे एकटी उचलून बसलीस, तर मी ह्या घरात काय घेऊन बसू?

कुठल्या तोंडाने येऊ म्हणतेस. आहे त्याच तोंडाने ये. उद्याच्या बसने निघालीस तर दुपारी पोचशील. घरात खायला फारसं नाही, मला चूल सुधरत नाहीये. आपण दोघं बसू. एकमेकांना काही समजावायचं नाही.

तुझा,
मामा